ऑलिंपिकची मशाल हाती येईपर्यंत : माझा अनुभव

२०१२च्या लंडन ऑलिंपिकची मशाल घेऊन मी लेस्टरच्या रस्त्यावरून धावलो. निवड कशी होते, त्या दिवशी काय काय घडतं, हे लोक अजून विचारतात, म्हणून लिहितोय.

माझं नाव शेजारच्या बाईंनी सुचवलं होतं. त्यांच्या मुलाला दिसत नाही. आम्हा दोघांच्या हातात एक छोटी दोरी असते आणि मी त्याच्या जोडीने धावतो. बाईंनी अर्जात तेवढंच लिहिलं होतं. डिसेंबरमध्ये सशर्त निवडीची मेल आली, मग ओळखपत्रं, पडताळणी, कपड्यांचं माप. रस्ता कुठला ते मार्चमध्ये कळलं. पांढरा-सोनेरी गणवेश हातात आल्यावर मात्र खात्री पटली.

एकूण ८००० मशालधारक, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ३०० मीटर. १९ मे रोजी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या लँड्स एंडहून निघालेली ज्योत ७० दिवस देशभर फिरणार होती आणि जुलैच्या सुरुवातीला आमच्याकडे येणार होती. त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस. ज्योत विझली तर, हा प्रश्न सूचनांच्या बैठकीत कुणीतरी विचारलाच. डेव्हनमध्ये ती खरंच विझली होती. पण ग्रीसमधल्या ऑलिंपियात अंतर्वक्र आरशाने सूर्यकिरण एकवटून पेटवलेली मूळ ज्योत खाणकामगारांच्या कंदिलांसारख्या दिव्यांत ताफ्याबरोबर असते. त्यावरून मशाल पुन्हा पेटवतात. काडेपेटी चालत नाही.

मग मिनीबस. ठरलेल्या खुणेवर एकेकाला उतरवत जाते, आणि न पेटलेली मशाल घेऊन तुम्ही गर्दीत एकटे उभे. एकटे म्हणजे काय, सगळा रस्ता फोटोसाठी तुमच्याभोवती! शेजारच्या बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. त्याने मशाल हातात घेतली आणि खालून वर बोटं फिरवत गेला. तिच्या सोनेरी जाळीला ८००० गोल भोकं आहेत, प्रत्येक मशालधारकाच्या नावाचं एक. "यातलं तुझं कुठलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तूच ठरव. वरच्या कडेजवळच्या एका भोकावर त्याने करंगळी ठेवली. मशाल जेमतेम ८०० ग्रॅमची, पण तो ती परत द्यायला तयार नव्हता.

ताफा जवळ आला तसा एका स्वयंसेवकाने गॅस सुरू केला. आधीची धावपटू समोर येऊन थांबली. आम्ही मशालींची टोकं एकमेकांना टेकवली. तिथली मंडळी याला 'किस' म्हणतात. भप्पकन जाळ उठला, गाल तापले, मूठ मात्र थंडच. माझ्या मते या परंपरेचं सगळं सार त्या दोन-तीन सेकंदांत आहे. तिची मशाल तिच्याकडे राहते, माझी माझ्याकडे, पुढे जाते ती फक्त ज्योत. राखाडी कपड्यांतले पोलीस दोन्ही बाजूंनी धावत होते. मुद्दाम हळू धावलो, तरी रस्ता संपलाच.

ही दौड १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकपासून सुरू झाली. कल्पना त्या स्पर्धेचे एक प्रमुख आयोजक कार्ल डीम यांची, आणि नाझी राजवटीने तिचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला. हे लपवून परंपरेचं कौतुक करू नये असं मला मनापासून वाटतं. पण १९४८ची लंडनची दौडही तितकीच सांगायला हवी. युद्ध नुकतंच संपलेलं. पहिला धावपटू, ग्रीक सैनिक दिमित्रेलिस, याने शस्त्र खाली ठेवलं, लष्करी गणवेश उतरवला आणि मगच मशाल हाती घेतली. मी धावलो ती दौड ही, असं मी मानतो.

शेवटच्या टोकाला गॅस बंद करतात, बसमध्ये नळकांडं काढून घेतात. मशाल हवी असेल तर १९९ पौंड भरून विकत घेता येत होती, मी घेतली. ती काचेच्या कपाटात ठेवलेली नाही. शाळांमधून बोलावणं आलं की घेऊन जातो आणि मुलांच्या हातात देतो. पोचे बरेच पडलेत.