छोटीकडे तानसेनला आठ दिवस: नंदुरबारहून जाणाऱ्यांसाठी

रविवारच्या उपासनेनंतर गेल्या महिनाभरात तिघांनी एकच विचारलं, "नेपाळला पोरीला भेटून आलात म्हणे, जायचं कसं?" दर वेळी निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहून ठेवतो. माझी धाकटी बहीण, घरात सगळे छोटीच म्हणतात, दोन वर्षांसाठी तानसेनच्या मिशन दवाखान्यात सेवेला गेली आहे. दवाखाना 1954 सालचा, पाल्पा जिल्ह्यात, डोंगराच्या उतारावर. मी आणि आई नोव्हेंबरच्या शेवटी गेलो.

रस्ता सोपा आहे, लांब आहे. नंदुरबार ते भुसावळ आपली सुरत लाइन. भुसावळला गोरखपूरची गाडी धरायची, त्यात एक रात्र, एक दिवस आणि वर थोडं. गोरखपूरहून सोनौलीला बसने साधारण तीन तास. सीमा पायी ओलांडायची. पलीकडे भैरहवा, मग बुटवल, आणि बुटवलपासून चढ सुरू. बुटवल ते तानसेन चाळीसेक किलोमीटर आहे, पण सिद्धबाबाच्या कड्याखालून जाताना आईने डोळे मिटून स्तोत्र म्हटलं ते वर पोचेपर्यंत. पावसाळ्यात तिथे दरडी येतात. जून ते सप्टेंबर जाऊच नका.

व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा, नुसत्या आधारवर विसंबू नका. विमानाने काठमांडूला जाणार असाल तर पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला आधार चालतच नाही. पैशाचा हिशेब पाठ करा: आपले 100 म्हणजे त्यांचे 160. भाव सांगितला की "आयसी की एनसी?", म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, हे आधी विचारायचं. मी विचारलं नाही आणि पहिल्याच चहाला जास्तीचे पैसे मोजून आलो. शंभराच्या नोटा भरपूर न्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

आता सामानातली एक गोष्ट, नीट ऐका. निघताना आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका काकांनी प्रेमाने धर्मप्रचाराच्या हिंदी पत्रिकांचा गठ्ठा दिला, वाटेत वाटायला. छोटीला फोनवर सांगितलं तर ती इतकी चिडली की मी गप्पच झालो. नेपाळमध्ये 2018 च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या कायद्यात धर्मांतर घडवलं तर 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि माणूस परदेशी असेल तर शिक्षा संपली की देशाबाहेर. ती म्हणाली, "भाऊ, तू आठ दिवसांनी घरी जाशील. मला इथे राहायचंय, आणि माझ्यामुळे दवाखान्यावर काही यायला नको." गठ्ठा भुसावळला मावशीकडे ठेवला. तुम्हीही ठेवा.

छोटीचा दिवस कसा असतो हे मला तिच्या पत्रांवरून वाटत होतं त्याहून फार वेगळं निघालं. महिन्याला येणाऱ्या प्रार्थनापत्रात फोटो असतो, मागे बर्फाचे डोंगर, पुढे हसणारी छोटी. प्रत्यक्षात ती साडेपाचला उठते ती पाण्यासाठी. ड्रम भरायचा, कपडे धुवायचे, ते दिवसभर वाळत नाहीत म्हणून रात्री खोलीत दोरी बांधायची. मग दवाखान्यातली सकाळची प्रार्थना आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत कागद. ज्यांना बिल भरता येत नाही त्यांच्याशी बसून घरी किती माणसं, जमीन किती, कर्ज किती हे विचारायचं आणि लिहायचं. दोन दोन दिवस चालत आणि बसने आलेली माणसं असतात. एका म्हातारबाबांनी तिला तासभर म्हशीची गोष्ट सांगितली. तिला निम्मी कळली, तरी ती उठली नाही.

भाषेचं वेगळंच आहे. लिपी आपलीच, त्यामुळे पाट्या वाचता येतात आणि सगळं समजतंय असं उगाच वाटतं. घरमालकीण आमाने आईला विचारलं, "कहाँ बस्नुहुन्छ?" आईने बाकाकडे बोट दाखवलं, इथेच बसते की! ती विचारत होती, राहता कुठे. सगळे छोटीला "बहिनी" म्हणतात, मला पहिला दिवसभर वहिनी ऐकू येत होतं. रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकाला तिथे कुरुवा म्हणतात, आणि पाल्पाचा प्रसिद्ध नळीचा गडू म्हणजे करुवा. मी वॉर्डाच्या दारात दोन कुरुवा विकत मागितले. नर्सबाई अजून हसत असतील.

छोटीने तरी काय केलं? पहिल्या आठवड्यात एका आजोबांना "तपाईं" म्हणायचं सोडून "तिमी" म्हणाली. आपल्या जिभेवरचा तू सुटत नाही. हे ऐकून मला आमची आजी आठवली. पश्चिम खानदेशात आलेल्या गोऱ्या मिशनरी साहेबाची ती नक्कल करायची: पाटलापासून पोरापर्यंत सगळ्यांना तू, आणि ळ म्हणता येत नाही म्हणून केळं मागताना केलं, केलं. आपल्याकडच्या चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात लहानपणी मी कितीदा गेलो, पण तिथली मिशनची माणसं संध्याकाळी खोलीत जाऊन काय करत असतील, कपडे कुठे वाळत घालत असतील, हा विचार कधी आला नव्हता. तानसेनला त्या दोरीखाली झोपल्यावर आला.

आईने तिला बघताच म्हटलं, "पोर, कितली सुकाई गयी वं!" तेव्हा कळलं की पावसाळ्यात टायफॉइड होऊन गेला होता आणि पत्रात एक ओळही नव्हती. त्या रात्री दोघी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे आई न सांगता उठली आणि ड्रम भरायला लागली, तिथून पुढे ठीक झालं.

म्हणून जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, की तिकडे पाहुणे होऊन जाऊ नका. आम्ही पहिले दोन दिवस छोटीने रजा काढावी म्हणून रुसलो, हा शुद्ध गाढवपणा. ती दवाखान्यात जाते तेव्हा तुम्ही तिचा बाजार करा, गॅसच्या रांगेत उभे राहा. श्रीनगर डांड्यावर, म्हणजे गावावरच्या टेकडीवर, पहाटे एकट्याने जाता येतं, पाइनची झाडं, खाली खोऱ्यात धुक्याचं पांढरं तळं, आणि आकाश स्वच्छ असेल तर धवलागिरी. तानसेनची उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या तोरणमाळपेक्षा थोडी जास्त, पण थंडी कितीतरी जास्त. स्वेटर दोन न्या.

मंडळी शनिवारी भरते. तिथे सुट्टी शनिवारची, आम्ही गेलो तेव्हा रविवार कामाचाच होता. चपला बाहेर, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, जमिनीवर बसायचं, मादल नावाचा ढोल वाजतो. भेटल्यावर "जयमसी" म्हणायचं. मांडी घालून दोन तास बसायची सवय नसेल तर मागे भिंतीला टेका.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी दहाला डाळभात, संध्याकाळी डाळभात. चुकौनी मात्र सोडू नका, बटाटा, दही आणि मेथीची फोडणी. आम्ही नेलेल्यातलं ज्वारीचं पीठ फुकट गेलं, छोटीला भाकरी थापायला वेळच नाही. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, पिशवीत नेले, चुरा झाला. ठेच्याची बाटली बुटवलच्या चढावर फुटून माझ्या पांढऱ्या शर्टावर आली. चांगली गेली ती नंदुरबारची लाल मिरची पूड. आमाला मी जरा ऐटीतच चाखायला दिली. तिने चाखली, "पिरो छ" म्हणाली आणि आतून तिच्या अकबरे मिरचीचं लोणचं आणून माझ्या ताटात वाढलं. एवढीशी गोल मिरची. माझे कान वाजायला लागले, आई तोंडावर पदर धरून हसत होती, "मिरचीबाजारमा ऱ्हास ना तू?"

पुढे कोणी निघणार असेल तर मला सांगा. बिबडे घट्ट झाकणाच्या डब्यात देईन. छोटीला पाणी न धरणारी नायलॉनची दोरी आणि कपड्यांचे चिमटे हवे आहेत. आणि आमाने दोन किलो तिखट मागितलं आहे.