आधी पालगड, मग ‘श्यामची आई’

खेडला गाडीतून उतरलो आणि दापोलीला न जाता आधी पालगड गाठलं. रात्री मुरूडला सगळ्यांनी मिळून ‘श्यामची आई’ बघायचा बेत होता, आणि त्याआधी साने गुरुजींचं गाव बघायचंच, हा माझा हट्ट होता. 24 डिसेंबर 1899 ला गुरुजी इथे जन्मले. त्यांचं घर आता स्मारक म्हणून जपलंय. नाशिकच्या तुरुंगात 1933 साली त्यांनी आईच्या आठवणी लिहिल्या, त्या या घरातल्या. ओटीवर उभं राहिल्यावर आमच्यातलं कुणीच फारसं बोललं नाही.

दुपारी दापोलीवरून मुरूडला. किनाऱ्यावर थोडं फिरणं झालं, पण जीव रात्रीकडेच लागला होता.

जिथे उतरलो होतो त्या काकूंनी खळ्यात दोन पोफळींना चादर बांधून पडदा केला. कुळथाचं पिठलं-भाकरी खाऊन सगळे सतरंजीवर बसलो. आचार्य अत्र्यांचा हा 1953 चा कृष्णधवल चित्रपट. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. ‘सिकंदर’मध्ये चमकलेल्या वनमाला इथे साध्या लुगड्यात आहेत, आणि माधव वझेंचा श्याम त्यांच्याकडे असा बघतो की अभिनय चाललाय हे विसरायला होतं.

पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई फोकाने मारते, तिथे आमच्यातली एक मुलगी कळवळली. “एवढं मारायचं?” चित्रपट संपल्यावर गप्पा तिथूनच सुरू झाल्या. काकू म्हणाल्या, “अगो, विहीर दारात, पऱ्या (ओढा) मागे, समुद्र पुढे. पोराला पोहता येत नसेल तर आईला झोप कशी लागेल?” तिला ते पटलं नाही. भीती माराने जात नाही, ती मनात दडून बसते, असं तिचं म्हणणं. बराच वेळ दोघी हटल्या नाहीत, आणि मला दोघींचंही खरं वाटत होतं.

मला स्वतःला बोलायचं होतं ते कर्जाबद्दल. लोक हा चित्रपट आईच्या मायेचा म्हणून डोळे पुसत बघतात. पण या मायेला धार येते ती घरातल्या ओढगस्तीने. खोताचं घराणं, भाऊबंदकी, सावकाराचा तगादा, आणि त्यातही मिंधेपणा न पत्करणारी बाई. पुस्तकात ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ असं एक प्रकरणच आहे. ते मी मोबाईलवरून वाचून दाखवलं. वसुलीचा माणूस दारात बसून वाटेल ते बोलतो, तिथे काकूंनी मान हलवली. “आमच्या आजेसासऱ्यांची आगरं अशीच गेली,” त्या म्हणाल्या, आणि मग कुठली कलमं कुणाकडे गहाण पडली, कुठली सुटली, हे मध्यरात्र उलटेपर्यंत सांगत राहिल्या.

तुम्ही जाणार असाल तर पालगड आधी करा, चित्रपट नंतर. आणि बघताना गावातलं कुणी जुनंजाणतं माणूस सोबत असू द्या.