सगळे लाल दोरे एकाच टीमकडे

आमच्या विमा कंपनीत ॲजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत करत सुधारत नेण्याची पद्धत, आलं तेव्हा टीम्सनी ते मनापासून उचललं. रोजची छोटी स्टँडअप बैठक वेळेवर, दोन आठवड्यांचे कामाचे टप्पे म्हणजे स्प्रिंट, प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी झालेल्या कामाचा डेमो, काय सुधारायचं यावर रेट्रोमध्ये मोकळी चर्चा. एकेका टीमचा बर्नडाउन चार्ट, म्हणजे उरलेलं काम कसं घटतंय याचा आलेख, पाहिला तर नाव ठेवायला जागा नव्हती. तरीही ग्राहकाच्या हातात काही नवीन पडायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा, तेवढाच लागत होता. वरिष्ठ विचारायचे, "सगळ्यांची कामं वेळेत होतात, मग रिलीज का होत नाही?" प्रश्न रास्त होता, आणि एका पीआय प्लॅनिंगमध्ये, म्हणजे पुढच्या काही स्प्रिंटच्या एकत्रित नियोजनात, त्याचं उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर उभं राहिलं.

स्क्रम, म्हणजे स्प्रिंटने काम करण्याची ॲजाइलमधली चौकट, मुळात छोट्या टीमसाठी आहे. 2020 च्या स्क्रम गाइडमध्येही टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसांची असते, असंच म्हटलंय. शंभर माणसं एकाच प्रणालीवर काम करत असतील तर काय करायचं, यासाठी वेगवेगळ्या चौकटी आल्या: क्रेग लार्मन आणि बास व्होडे यांचं लेस, 2011 मध्ये डीन लेफिंगवेल यांचं सेफ, 2015 मध्ये केन श्वाबर यांचं नेक्सस. आम्ही सेफ घेतलं होतं. त्यात अनेक टीम्स मिळून 50 ते 125 लोकांची एक ट्रेन असते आणि दर 8 ते 12 आठवड्यांनी ही सगळी माणसं दोन दिवस एकत्र बसून पुढचा आराखडा करतात. मी आमच्या ट्रेनची रिलीज ट्रेन इंजिनिअर. प्लॅनिंग नीट पार पाडणं आणि टीम-टीममध्ये अडकलेली कामं सोडवणं ही माझी जबाबदारी.

टीम्स थरांप्रमाणे पाडलेल्या होत्या. मोबाइल ॲपची एक, वेबची एक, ॲप आणि वेबला आतल्या सिस्टिमशी जोडणाऱ्या एपीआयची एक, विम्याच्या दाव्यांची म्हणजे क्लेम्सची, रिपोर्टिंगची, अशा करत सगळ्यांच्या तळाशी पॉलिसीची कोअर सिस्टिम सांभाळणारी टीम. ही सिस्टिम कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली, कित्येक वर्षं जुनी. तिच्यात एक आकडा चुकला तर हजारो पॉलिसींचा हप्ता चुकणार. ती आतून ओळखणारी माणसं दोन-तीनच उरली होती. या टीमबद्दल बाकीच्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "कोअरकडे काम दिलं की गेलं," असं सर्रास बोललं जायचं. मला ते तेव्हाही खटकायचं, कारण संध्याकाळी उशिरापर्यंत बसलेली माणसं बहुतेक वेळा त्याच टीमची असायची.

प्लॅनिंगचा दुसरा दिवस. भिंतीवर मोठा बोर्ड. उभ्या रकान्यांत स्प्रिंट, आडव्या ओळींत टीम. फीचर ज्या स्प्रिंटमध्ये पूर्ण होणार तिथे त्याचं कार्ड. त्यासाठी दुसऱ्या टीमकडून काही हवं असेल तर त्या टीमच्या ओळीत लाल कार्ड, आणि दोन्ही कार्डांना जोडणारा लाल दोरा. आदल्या दिवशी दोरे थोडे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी टीम्सनी आपापल्या डिपेन्डन्सी, म्हणजे दुसऱ्या टीमवर अवलंबून असलेली कामं, आणून लावायला सुरुवात केली आणि बोर्डाचं रूपच बदललं. ॲपच्या ओळीतून दोरा खाली, वेबच्या ओळीतून खाली, क्लेम्समधून खाली. जवळजवळ सगळे दोरे कोअरच्या ओळीत उतरत होते, आणि तेही पहिल्या दोन स्प्रिंटांत, कारण प्रत्येकाला आपलं काम लवकर हवं होतं. दुसऱ्या स्प्रिंटच्या चौकटीत कार्डांवर कार्डं चढली. टाचण्या बसेनात. एका डेव्हलपरने शेवटचं कार्ड हातातच धरून मला विचारलं, "मॅडम, हे लावू कुठे?"

मी थोडा वेळ काम थांबवलं आणि सगळ्यांना बोर्डासमोर बोलावलं.

डिपेन्डन्सी दिसल्या की तारखा जुळवायच्या आणि पुढे जायचं, अशी सवय मोठ्या कंपन्यांत लागते. ती सवय मला घातक वाटते. तारीख जुळली तरी वाट पाहणं संपत नाही, ते फक्त आराखड्यात लिहिलं जातं. म्हणून मी एकच कार्ड निवडलं आणि शेवटपर्यंत त्याचा माग काढू या म्हटलं. कार्ड होतं 'ग्राहकाने ॲपमधून हप्त्याची तारीख बदलणे'. प्रत्येक टीमला विचारलं, दुसरं काही हातात नसेल तर याला किती वेळ लागेल? ॲपवाले म्हणाले, स्क्रीनला दोन दिवस. एपीआयला एक. कोअरमध्ये तीन दिवस, कारण तारीख बदलली की हप्ता उशिरा भरण्याच्या सवलतीचा कालावधी आणि पॉलिसी बंद पडण्याची तारीख दोन्ही पुन्हा मोजावी लागतात. टेस्टिंगला दोन-तीन दिवस. म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांचं काम. आणि बोर्डावर ते फीचर ग्राहकापर्यंत पोहोचत होतं ते पुढच्या तिमाही रिलीजला. कोअरच्या रांगेत वाट, मग एकत्रित टेस्टिंग एन्व्हायर्नमेंट मोकळं होण्याची वाट, मग रिलीजची खिडकी उघडण्याची वाट.

शेजारच्या फळ्यावर मी जॉन लिटल यांचा नियम मांडला. त्यांनी तो 1961 मध्ये सिद्ध केला: रांगेत सरासरी जितकी कामं असतात, त्यांना कामं संपण्याच्या वेगाने भागलं की एका कामाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. कोअरकडे चाळीसच्या आसपास मागण्या होत्या आणि एका स्प्रिंटमध्ये त्यांच्याकडून साधारण आठ व्हायच्या. चाळीस भागिले आठ, पाच स्प्रिंट. आमचा प्लॅनिंगचा कालावधीच पाच स्प्रिंटचा! म्हणजे आज दिलेलं काम सरासरीने हा कालावधी संपताना परत येणार. त्यावर अवलंबून असलेलं सगळं आपसूक पुढच्या कालावधीत. हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल असा, पण तो मांडल्यावर ॲपमध्ये आधी काय करायचं ते ठरवणारी प्रॉडक्ट ओनर बराच वेळ त्या फळ्यासमोरून हलली नाही. तिने ते फीचर चालू कालावधीत देण्याचं विपणन विभागाला कबूल केलेलं होतं.

एक संचालक म्हणाले, "मग कोअरमध्ये माणसं वाढवू या. या आठवड्यात मंजुरी देतो." त्यांचा हेतू चांगला होता. त्यावर कोअरचे टीम लीड शांतपणे बोलले, "सर, नवीन माणूस या सिस्टिममध्ये हात घालण्याजोगा व्हायला कित्येक महिने लागतात. तोवर त्याला शिकवायला मी लागणार. मी शिकवत बसलो तर हे आठही होणार नाहीत." उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये लिहून ठेवलंय. पण त्या खोलीत ते ज्याच्या अंगावर येणार होतं त्याच्याच तोंडून आलं, म्हणून संचालकांनी ऐकलं.

दुपारनंतर विश्वासाचं मतदान. सेफमध्ये आराखडा झाल्यावर प्रत्येक जण बोटं वर करून सांगतो की हे जमेल यावर त्याचा किती विश्वास आहे. पाच म्हणजे खात्री, एक म्हणजे अजिबात नाही. तीनपेक्षा कमी बोटं दाखवणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं. मोठ्या कंपनीत वरिष्ठ समोर उभे असताना एक बोट वर करायला धैर्य लागतं, आणि बहुतेक ठिकाणी हे मतदान तीन-चारच्या गर्दीत उरकलं जातं. त्या दिवशी कोअरच्या संपूर्ण टीमने एकेक बोट वर केलं. मग क्लेम्सने दोन. ॲपच्या टीमने आपली वर गेलेली चार बोटं खाली घेऊन दोन केली. मी कोअरच्या लीडना बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही प्रत्येकाला हो म्हणतो, कारण प्रत्येकाचं काम छोटं असतं. पण सगळ्यांना हो म्हटलं की कुणाचंच होत नाही. हे मी आज पहिल्यांदा भिंतीवर पाहतोय."

आमच्या व्यवसाय प्रमुखांचं मला खरोखर कौतुक वाटतं. त्यांनी उद्याची बैठक लावू म्हटलं नाही. सगळ्या प्रॉडक्ट ओनर्सना तिथेच उभं केलं आणि म्हणाल्या, "बोर्डावरची निम्मी फीचर्स आज काढायची आहेत. कुठली, ते तुम्ही ठरवा. ठरत नसेल तर मी ठरवते." पुढचा तासभर वादाचा होता. आवाज चढले. पण संध्याकाळपर्यंत कार्डं उतरली.

दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा होता. मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्ये मांडलं होतं की संस्था जी प्रणाली घडवते तिच्यात त्या संस्थेतल्या संवादाचीच रचना उतरते. आमचे थर तसेच ठेवून रांग कमी होणं शक्य नव्हतं. म्हणून ॲपच्या टीममधून दोन डेव्हलपर, एपीआयमधून एक आणि कोअरमधून एक अनुभवी माणूस घेऊन हप्त्यांच्या सगळ्या फीचर्सची एक टीम करायची ठरली. कोअरच्या कोडमध्ये या टीमने स्वतः बदल करायचे, कोअरच्या टीमने ते तपासायचे. कोअरचे लीड याला लगेच तयार झाले नाहीत. त्यांची भीती खरी होती: त्या कोडला स्वयंचलित टेस्ट जवळजवळ नव्हत्याच. त्यांनी अट घातली की ज्या भागात हात घालाल, त्याच्या आजच्या वागण्याच्या टेस्ट आधी लिहा, मगच एक ओळ बदला. ही अट सगळ्यांनी मान्य केली, आणि नव्या टीमचा पहिला स्प्रिंट जवळपास सगळा त्यातच गेला. त्या स्प्रिंटचा डेमो पाहायला आलेल्यांना स्क्रीनवर दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी तो डेमो तरीही घ्यायला लावला.

ऑडिटचा मुद्दा वेगळाच होता. आमच्या नियमाप्रमाणे बदल करणाऱ्याने स्वतः तो प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू प्रणालीत, न्यायचा नाही, आणि मंजुरीसाठी दर आठवड्याला समितीपुढे अर्ज. ऑडिटच्या मॅडमना आम्ही विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय? त्या म्हणाल्या, दुसऱ्या माणसाने पाहिल्याचा पुरावा, आणि तो नंतर कुणी बदलू शकणार नाही अशी नोंद. बदल तपासून पुढे नेणाऱ्या स्वयंचलित पाइपलाइनमध्ये दोन्ही गोष्टी आपोआप होत होत्या. छोट्या बदलांसाठी समितीची अट सुटली. ॲजाइलच्या नावाने ऑडिटला टाळणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं काम तिथेच अडून बसलेलंही पाहिलंय. ऑडिटवाल्यांशी पहिल्या दिवसापासून बोललं तर ती माणसं मदत करतात.

हप्त्याची तारीख बदलण्याचं फीचर त्याच कालावधीत, तिमाही रिलीजची वाट न पाहता ग्राहकांपर्यंत गेलं. त्याबरोबर टीम्सच्या व्हेलॉसिटीची, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंट्सचं काम होतं त्याची, तुलना करणारा मासिक अहवाल मी बंद करवून घेतला. पॉइंट्स हे एका टीमने स्वतःच्या अंदाजासाठी वापरायचं माप आहे, दोन टीम्समध्ये ते लावलं की आकडे फुगतात. आता आम्ही मागणी आल्यापासून ग्राहकाच्या हातात पडेपर्यंतचा वेळ मोजतो.

घोडं अजून एका जागी अडलंय. पैसा दरवर्षी प्रकल्पाप्रमाणे मंजूर होतो, आणि हप्त्यांच्या टीममधली माणसं कागदोपत्री अजून तीन वेगळ्या प्रकल्पांच्या नावावर आहेत. वर्षअखेरीला त्यातला एक प्रकल्प बंद झाला की त्याची माणसं परत जाणार. टीमला कायमची तरतूद मिळावी म्हणून वित्त विभागाशी बोलणी चालू आहेत. पुढच्या बैठकीला मी कोअरच्या लीडना बरोबर नेणार आहे. रांगेत थांबलेल्या कामाची किंमत काय असते, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकणार नाही.