छाटणीच्या दिवसांत गणना 14

10 ऑक्टोबर, तासगाव

दसरा जवळ आला की या द्राक्षांच्या पट्ट्यात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: छाटणी आज घ्यायची की आठ दिवस थांबायचं? नजर ढगांकडे, आणि छाटणीच्या मजुरांची टोळी तर कधीच ठरलेली. आजचं वाचन बायबलमधल्या गणना या पुस्तकाचे अध्याय 13 आणि 14. तेही द्राक्षांच्या हंगामातलंच.

पहिली द्राक्षं पिकायच्या दिवसांत इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याने बारा हेर कनानात, म्हणजे देवाने देऊ केलेल्या देशात पाठवले. चाळीस दिवसांनी ते परतले ते दोघांच्या खांद्यावर दांडा आणि दांड्याला एकच घड, असे. दहा जण म्हणाले, जमायचं नाही. हेरांपैकीच कालेब म्हणत होता, आत्ताच चढून जाऊ. लोकांनी रात्र रडून काढली. मग देवाचा निर्णय आला: उद्या माघारी फिरा, तांबड्या समुद्राच्या वाटेने रानात चला. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र हेच लोक डोंगर चढायला निघाले. चुकलो म्हणाले, आता जातो म्हणाले. मोशेने अडवलं. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सोबतीची खूण असलेली पेटी, छावणीतून हलला नाही. अमालेकी आणि कनानी खाली उतरले आणि त्यांना पार झोडपून काढलं.

या भागावरचे उपदेश बहुधा दहा हेरांच्या भित्रेपणावरच थांबतात. मला ती पहाट जास्त बोचते. डोंगर तोच, माणसं तीच, आणि या खेपेला हिंमतही होती. पण चढून जाण्याची आज्ञा कालची होती. आजची आज्ञा माघारी फिरण्याची होती, आणि फिरणं कमीपणाचं वाटतं. उशिरा केलेलं योग्य काम कधी कधी ते काम राहतच नाही, दुसरंच काहीतरी होऊन बसतं.

बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. बुरशीसाठी फवारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. पाऊस यायच्या आधी पानावर बसलं तर डाऊनी या बुरशीरोगाचा बीजाणू तिथे रुजत नाही. पान ओलं राहिलं, बुरशी आत शिरली, की तेच बोर्डो त्याच मापाने मारा, वरून निळं दिसेल इतकंच. औषध खोटं नसतं. ते थोपवणारं आहे, बरं करणारं नाही. डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून लावायचं हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंगही तसंच. लिटरला 30 ते 40 मिली, हातमोजे घालून, छाटणीनंतर 48 तासांच्या आत. रेंगाळलं की डोळे मागेपुढे फुटतात, आणि मग हंगामभर एकाच वेलीवर तीन वयांचे घड सांभाळत बसायचं.

लवकर हाही उपाय नव्हे. ऑगस्ट-सप्टेंबरात छाटलं तर बाजार चांगला मिळतो, पण छाटणीनंतर महिन्या-सव्वा महिन्यात येणारा फुलोरा परतीच्या पावसात सापडतो: गळ, कुज, डाऊनी. योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय 7 मध्ये, भाऊ येशूला सणाला चल म्हणून घाई करतात. तो मंडपांचा सण, तिकडचा द्राक्षं-फळं गोळा झाल्यावरचा, साधारण याच दिवसांतला. माझी वेळ अजून आली नाही, असं म्हणून तो मागे राहतो आणि नंतर गाजावाजा न करता जातो. गेला तर खरा, पण त्यांच्या तारखेला नाही.

खरी गोम मात्र ऑक्टोबरात नाहीच. आज ज्या डोळ्यातून घड निघायचा, तो घड एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नवी काडी तयार करण्यासाठीच्या छाटणीनंतर, साधारण दीड-दोन महिन्यांत काडीच्या आत सूक्ष्म रूपात ठरून गेलेला असतो. तेव्हा काडीला ऊन मिळालं नाही, फुटींची विरळणी झाली नाही, सात पानांवर आलेला शेंडा पाचावर खुडला नाही, तर आता कितीही कात्री चालवा, फूट निघेल आणि वांझ निघेल. म्हणून तर शहाणा माणूस छाटणीआधी काडीत घड आहे का ते तपासून घेतो. योहान 15 मधला माळी फाटे साफसूफ करतो हे वचन आपण ऑक्टोबरच्या कात्रीला लावतो. मला वाटतं ते एप्रिललाही लावावं, जेव्हा सगळी काडी एका डोळ्यावर येते आणि बाग बोडकी दिसते. कठीण प्रसंगी खरं बोलणारा माणूस त्या प्रसंगात तयार होत नाही. कुणाचं लक्ष नसतं अशा मे महिन्यात तो घडलेला असतो.

शास्त्रात वेळेची गोष्ट बहुधा मोघम नाही. मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नये (लेवीय 19:13), सूर्य मावळायच्या आत द्यावी (अनुवाद 24:15), कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशावर आहे. छाटणीच्या टोळीचा हिशेब आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी केला तर रक्कम तेवढीच राहते, बाजार मात्र गेलेला असतो. रविवारी दानपेटीत टाकलेल्या नोटेने तो परत येत नाही. मत्तय 5 मध्ये तर वेदीपुढे अर्पण तसंच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय. उपासना संपल्यावर नव्हे, मधूनच उठून. आपल्या मंडळीत असं कुणी मधूनच उठलं तर वडीलमंडळी काय म्हणतील, हा विचार येतोच.

मत्तय 20 मधला द्राक्षमळ्याचा मालक मजूर आणायला पाच वेळा बाजारात जातो. शेवटचा फेरा दिवसाच्या अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास. एका तासात मळ्यात असं काय होणार होतं? तरी तो गेला. आणि सांज झाल्यावर, उद्या बघू न म्हणता, त्याने कारभाऱ्याला हाक मारली आणि शेवटी आलेल्यांपासून मजुरी चुकती करायला सांगितली.