तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्सवर बॅकअप कशाने घ्यायचा?

कुणाच्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा फेडोरा टाकून दिलं की थोड्या दिवसांनी हे विचारणं येतंच. सोपं हवं, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) नको, आणि हार्डडिस्क दुसऱ्याच्या हाती पडली तरी आतलं कुणाला दिसता कामा नये. माझं उत्तर ठरलेलं आहे: पिका बॅकअप नावाचं अ‍ॅप.

शेवटच्या अटीवर मी अडून बसते. आपल्या होम फोल्डरमध्ये काय काय असतं बघा: आधार-पॅनचे स्कॅन, पगाराच्या स्लिपा, आईचे रिपोर्ट, घराचं खरेदीखत. लॅपटॉपला निदान पासवर्ड तरी असतो. हेच सगळं साधं कॉपी केलेली डिस्क रिक्षात राहिली, तर ज्याला सापडेल त्याला सगळं उघडं.

पिका दिसायला अगदी साधं आहे. आतलं खरं काम बोर्ग नावाचा बॅकअप प्रोग्राम करतो, जो २०१५ साली अ‍ॅटिक नावाच्या प्रकल्पातून वेगळा निघाला. बोर्ग फाइलींचे तुकडे करतो आणि एकदा साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाही. म्हणून पहिला बॅकअप बराच वेळ खातो, पुढचे पटकन उरकतात. फोटोंच्या फोल्डरचं नाव बदललंत तरी फोटो परत लिहिले जात नाहीत. मला सर्वात भावतं ते हे, की प्रत्येक तुकडा तुमच्याच मशीनवर २५६ बिटांच्या एईएस या पद्धतीने एन्क्रिप्ट होतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा बनतो, आणि मगच बाहेर पडतो. फाइलींची नावंसुद्धा झाकलेली. त्यामुळे एसएसएचने (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणीने) दूरच्या सर्व्हरवर बॅकअप ठेवलात, तरी सर्व्हरवाल्याला त्यातलं अक्षर वाचता येत नाही.

गूगल ड्राइव्हवरच ठेवायचं असेल, तर मात्र डेजा डूप हे दुसरं बॅकअप अ‍ॅप घ्या. तिथे पिकाची सोय नाही. टाइमशिफ्ट या अ‍ॅपबद्दलही विचारतात. ते चांगलंच आहे, पण सिस्टीम पूर्ववत करण्यासाठी. तुमचं होम फोल्डर ते आपणहून धरत नाही आणि एन्क्रिप्शनही करत नाही.

आता पासवर्ड. इथे कृपा करून घाई करू नका. पिका पासवर्ड तुमच्या लॉगिनच्या कीरिंगमध्ये (पासवर्डांच्या तिजोरीत) जपून ठेवतं, म्हणून दर वेळी विचारत नाही. पण ती कीरिंग त्याच लॅपटॉपवर आहे! लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्क हातात, सगळे फोटो तिच्यात, आणि उघडायचा शब्द चोरासोबत गेलेला. बोर्गला ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नाही. बनवणाऱ्यांनाही तो बॅकअप उघडता येणार नाही, आणि तसं असणंच बरोबर आहे. म्हणून बॅकअप लावून देताना मी आधी कागद मागते. चार-पाच असंबद्ध मराठी शब्दांचा लांब पासवर्ड, रोमन लिपीत, स्पेलिंगसकट लिहून कपाटात. दुसरी प्रत बहिणीकडे किंवा भावाकडे. डिस्कच्या पिशवीत तो कागद अजिबात नको.

आणि बॅकअप झाला की लगेच एक फोटो परत काढून बघा. पिकामध्ये जुना बॅकअप फाइल मॅनेजरमध्ये नेहमीच्या फोल्डरसारखा उघडतो, तिथून फाइल उचलायची. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या लिनक्स मशीनला डिस्क लावून, कागदावरचाच पासवर्ड टाकून करा. स्पेलिंग चुकलेलं असेल तर ते त्याच दिवशी कळतं, आणि मूळ लॅपटॉप समोर असतो तोवर दुरुस्तही करता येतं.