फेरीबोटीवरचे पिल्लू

काल रात्री जेरी शॅट्झबर्ग यांचा १९७१ सालचा ‘द पॅनिक इन नीडल पार्क’ हा चित्रपट पाहिला आणि आज दिवसभर मन त्यातल्या एका कुत्र्याच्या पिल्लापाशी घुटमळत राहिले आहे.

बॉबी आणि हेलन हे हेरॉईनच्या व्यसनात अडकलेले प्रेमी ते पिल्लू विकत घेतात, तेव्हा आता आपलेही चारचौघांसारखे घर होईल असे त्या दोघांना खरोखरच वाटत असते. परंतु परतताना फेरीबोटीवर बॉबीला तलफ आवरत नाही; दोघे स्वच्छतागृहात शिरून सुई टोचून घेतात, कुईकुई करणाऱ्या पिल्लाला दाराबाहेर काढले जाते, आणि हेलन त्याच्यामागे धावेपर्यंत ते बोटीवरून पाण्यात पडते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे त्या क्षणी रडायचे की नाही हेही कोणी सांगत नाही, आणि आपण हेलनच्या चेहऱ्याकडे नुसते पाहत राहतो. त्या वर्षी कान महोत्सवात किटी विन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार या भूमिकेसाठीच मिळाला. बॉबी झालेल्या अल पचिनो यांची ही पहिली प्रमुख भूमिका; ते उत्तमच आहेत, पण मला चित्रपट हेलनचा वाटला.

नीडल पार्क म्हणजे मॅनहॅटनमधील ब्रॉडवे आणि ७२व्या रस्त्याजवळचा शेरमन चौक, आणि ‘पॅनिक’ म्हणजे हेरॉईनची टंचाई. माल मिळेनासा झाला की व्यसनी माणसे एकमेकांना पोलिसांच्या हवाली करू लागतात, आणि अखेर हेलनही तेच करते: स्वतःवरचा खटला टळावा म्हणून ती बॉबीला पकडून देते. मला तिचा राग आला नाही. जिने बॉबीच्या सहवासासाठी सुई जवळ केली, तिच्याकडे गमावण्यासारखे दुसरे काही उरलेच नव्हते, आणि तेही गमावण्याची वेळ त्या सुईनेच तिच्यावर आणली. प्रेमाने माणूस सावरतो, असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो. येथे प्रेम खोटे नाही, तरीही ते कोणाला सावरत नाही, आणि हेच मला सर्वांत असह्य झाले.

बॉबी तुरुंगातून सुटतो, तेव्हा ती बाहेर वाट पाहत उभी असते. तो जेमतेम एक शब्द बोलतो आणि दोघे बरोबर चालू लागतात. कोठे, हे दोघांनाही ठाऊक असावे.