तुम्ही विचारलंत म्हणून: नॅशव्हिलमध्ये एकच संध्याकाळ
‘नॅशव्हिलला एकच संध्याकाळ मोकळी आहे, कंट्री म्युझिक कुठे ऐकू?’ हा प्रश्न वरचेवर येतो. नॅशव्हिल म्हणजे अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं शहर, आणि कंट्री म्हणजे तिथलं ग्रामीण वळणाचं लोकप्रिय संगीत. माझं उत्तर ठरलेलं आहे: छोट्या जागेत. 1892 सालचं रायमन ऑडिटोरियम हे मोठं संगीत सभागृह दिवसाही आतून बघता येतं. गाणं मात्र वादकाची बोटं दिसतील इतक्या जवळून ऐकावं.

पहिली पसंती ब्लूबर्ड कॅफे. 1982 पासून ग्रीन हिल्स भागात दुकानांच्या रांगेत आहे, खुर्च्या जेमतेम नव्वद. बहुतेक कार्यक्रमांत तीन-चार गीतकार मधोमध गोल करून बसतात आणि आळीपाळीने स्वतः लिहिलेली गाणी गातात. त्यातली काही दुसऱ्याच कुणाच्या आवाजात गाजलेली असतात. तिकिटं ऑनलाइन निघतात आणि बघता बघता संपतात, म्हणून तिकिटांच्या साइटवर खातं आधीच उघडून ठेवा. भारतातल्या बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते सुरू केले नसतील, तर पैसे भरताना गाडी अडते आणि तिकीट हातचं जातं. इथे गाणं चालू असताना बोलायचं नाही, हा नियम कडक आहे. आपल्याला मध्येच ‘वा’ म्हणायची सवय. तीही गाणं संपेपर्यंत आवरा.

तिकीट नाही मिळालं, तर गल्च भागातलं स्टेशन इन. हे 1974 पासूनचं, मुख्यतः ब्लूग्रासचं, म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिन अशा तंतुवाद्यांवरच्या कंट्रीच्या जवळच्या संगीताचं, ठिकाण. सहसा खुर्च्या राखीव नसतात, त्यामुळे दार उघडायच्या आधी पोहोचा. ब्लूग्रासमध्ये बहुधा ड्रम नसतो. मँडोलिनवाला तारा छेडून त्यांचा आवाज लगेच दाबतो आणि जो कोरडा ‘चक’ काढतो, त्यावर लय उभी असते. कान तिकडे ठेवा.

ब्रॉडवे या नॅशव्हिलमधल्या रस्त्यावरच्या बारमध्ये सहसा तिकीट नसतं, म्हणून लोक ते फुकट समजतात. ते फुकट नाही. वादकांची बरीचशी कमाई टिपांवर असते, म्हणून टिपांची बादली फिरली की माणशी पाच-दहा डॉलर टाका. फर्माईश असेल तर वीसची नोट बरी. जुन्या वळणाचं ऐकायचं तर तिथलाच रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड हा बार गाठा, तेही दुपारी. शनिवारी रात्री गर्दीच्या गोंगाटात काही कळत नाही, आणि इअरप्लगशिवाय तर जाऊच नका.

पेडल स्टील गिटार (पायांवर उभी, आडवी ठेवून वाजवायची गिटार) असेल, तर वादकाचे पाय आणि गुडघे दिसतील अशा बाजूला बसा. सूर ओढला जातो तो बराचसा तिथून: पायाखालची पेडल आणि गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या तारांचा ताण बदलतात. मुख्य गायकाच्या हाताकडेही लक्ष असू द्या. तो कधी कधी पाठीमागे एक, चार, पाच अशी बोटं दाखवतो. ते कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या गटांचे, आकडे असतात. पट्टी कुठलीही असो, आकडे तेच, म्हणून तालीम न करताही अनोळखी बासवादक बरोबर सुरावर येतो.

बऱ्याच बारमध्ये संध्याकाळनंतर 21 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि पांढऱ्या केसांनाही ओळखपत्र विचारतात. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. मोबाइलमधला फोटो बहुधा चालत नाही, आधार कार्डाचा तर प्रश्नच नाही.